देवाजवळचा पहिला नग

मुंबईहून परत आल्यापासून गल्लीतल्या बायका विचारतात, काय काय बघून आलीस? समुद्र बघितलास का, कुणी नटनट्या दिसल्या का? मी खरं तेच सांगते. तीन दिवस राहिले आणि पाव इंचाचं एक भोक बघून आले. त्यांना वाटतं मी थट्टा करते. त्या तीन दिवसांत थट्टा सुचावी अशी एकही घटका गेली नाही, म्हणून हे सगळं नीट लिहून काढते आहे.

आधी आमच्याविषयी. कोल्हापुरात उद्यमनगरात माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, छोटं वर्कशॉप आहे. दादा मशीन बघतो आणि तयार माल मोजून पास करायचं काम माझं. इतकी वर्षं आम्ही पंपांचे भाग केले. ते काम हल्ली आटत चाललं आहे, आणि अशा वेळी अंधेरीच्या एका कंपनीनं विमानातल्या खुर्चीचा ब्रॅकेट नमुन्यादाखल करून मागितला. तळहातावर मावेल एवढा ॲल्युमिनियमचा तुकडा, खुर्चीला जमिनीतल्या पट्टीशी धरून ठेवणारा. नमुना पास झाला तर काम आपलं. नाही झाला, तर वर्कशॉपमधल्या दोन जुन्या कारागिरांना घरी बसा म्हणून सांगावं लागणार होतं, आणि ते सांगायला दादा मलाच पुढं करणार हेही मला ठाऊक होतं.

ड्रॉइंग आलं ते इंचात. आमच्याकडे इंचाला बंदी आहे. मापं घ्यायच्या प्रत्येक व्हर्नियरवर इंच-मिलिमीटर बदलायचं बटण असतं, त्यावर मी स्वतः चिकटपट्टी लावून ठेवली आहे, कारण चुकून ते दाबलं गेलं की घोळ होतो. दादा तोंडानं अजून सुतात बोलतो, म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाव इंच म्हटलं की तो म्हणणार, दोन सूत. पण मोजायचं सगळं मिलिमीटरमध्ये. म्हणून ड्रॉइंगवरचा एकेक आकडा मी पंचवीस पूर्णांक चारनं गुणून मांडला. ब्रॅकेटमधल्या पाव इंची भोकाचं माप सहा पॉइंट पस्तीस ते सहा पॉइंट चाळीस आलं. यापेक्षा लहान नको, मोठंही नको. गुणाकार तीनदा तपासला, तरी झोपेत मला दशांशचिन्ह सरकलेलं दिसायचं.

आणखी एक सांगायला हवं. आबांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या काळापासून रिवाज आहे की नव्या कामाचा पहिला नग विकायचा नाही. नारळ फोडायचा, नगाला हळदकुंकू लावायचं आणि तो वर्कशॉपमधल्या गणपतीपुढं ठेवायचा. ब्रॅकेटचा पहिला नगही तसाच देवापुढं गेला. मी विचारलं, "दादा, मोजलास का?" तो म्हणाला, "देवाला मोजून देत्यात व्हय?" मी हसले. टेबलावर गेजची पेटी उघडी पडली होती. गेज म्हणजे भोकात घालून बघायच्या ठरावीक जाडीच्या पोलादी काड्या. एक काडी बाहेर पडली होती, ती मी खाचेत ठेवली, पेटी मिटली आणि आरतीला उभी राहिले. दुसरा नग मोजला, तो झकास निघाला. तोच घेऊन मी मुंबईला निघाले.

अंधेरी, गुरुवार

बोरीवली पूर्वेला माझी मावसबहीण मनीषा राहते. सकाळी तिच्याकडे उतरले, आंघोळ केली आणि कसाबसा चहा पिऊन मेट्रोनं अंधेरीला निघाले. नग फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून, डबा पर्समध्ये. मेट्रोच्या दारातल्या तपासणी यंत्रात पर्स गेली आणि तिथला शिपाई ताठ झाला.

"मॅडम, ये लोहे जैसा क्या है?"

"विमान का पार्ट है," मी म्हणाले.

विमानाचं नाव तिथं काढायला नको होतं. पर्स उघडली, डबा उघडला, फडकं सोडलं. त्यानं नग हातात घेऊन उलटासुलटा केला आणि माझा जीव वरखाली झाला. घामट बोटांचे ठसे उठले, आणि हातातून खाली पडला असता तर कोपराच गेला असता. शेवटी कंपनीचं पत्र दाखवल्यावर सोडलं. गाडीत गारवा छान होता, खिडकीतून एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाची हिरवी टेकडी दिसत होती, पण मी डबा मांडीवर धरून त्याच्या झाकणाकडेच बघत बसले. अंधेरी जवळ आली तशी विमानं अगदी खाली उतरताना दिसायला लागली. प्रत्येकाच्या पोटात ओळीनं खुर्च्या असणार, एवढंच डोक्यात येत होतं.

कंपनी एमआयडीसीत होती. नमुने तपासणाऱ्या इंजिनिअर होत्या श्रद्धा तांडेल. वय तिशीच्या आत, बोलणं फटाफट. त्यांनी डब्याला हात लावला आणि म्हणाल्या, "गरम आहे. आत ठेवते, थंड होऊ दे. तोपर्यंत जेवून घ्या, ताई."

आतली खोली वीस अंशांवर ठेवलेली होती. जगात कुठंही लांबी सांगायची ती वीस अंशांची, असं ठरलेलं आहे. उकाड्यात धातू फुगतो, थंडीत आक्रसतो, म्हणून सगळ्यांनी एकच तापमान धरलं आहे. हे मी पुस्तकात वाचलं होतं. आमच्याकडे मात्र डोक्यावर पंखा आणि बाहेर उन्हाळा. त्या काचेच्या खोलीकडे बघताना मला वाटलं, मी आजवर पास केलेली सगळी मापं इथं उघडी पडणार. खालच्या टपरीवर पोळीभाजी घेतली, पण अर्धी तशीच ठेवली.

मोजणी झाली आणि पडद्यावर आकडे आले ते इंचात. पॉइंट दोन पाच एक एक. माझ्या डोळ्यांना ते आकडे परके. घाईनं मोबाईलवर गुणाकार केला, पहिल्यांदा चुकला, पुन्हा केला. सहा पॉइंट अडतीस. मधोमध. मी मोबाईल पर्समध्ये ठेवला.

"मस्त आहे पार्ट," तांडेल मॅडम म्हणाल्या. मग नग उलटा करून त्यावर कोरलेला आकडा बघितला. "पण हा दोन नंबर आहे. एक कुठंय?"

भंगारात गेला, असं जिभेच्या टोकावर आलं होतं. बोलले असते तर त्या क्षणी सही झाली असती आणि मी संध्याकाळच्या बसनं घरी गेले असते. का कोण जाणे, तोंडून खरं निघालं.

"देवाजवळ आहे."

"म्हणजे?"

मी रिवाज सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवलं. "देवाजवळ ठेवायच्या आधी मोजला होता?"

"नाही. देवाला मोजून देत नाहीत."

त्या हसल्या नाहीत. "ताई, माझी आई वेसाव्याला मासे विकते. आमच्यात पण सीझनचं पहिलं म्हावरं देवीला असतं. मला कळतंय ना. पण मी रिपोर्टमध्ये काय लिहू? एक पार्ट देवाजवळ? चुकलेला पार्ट मला चालतो. नसलेला चालत नाही. उद्या तो कुठून तरी फिरत फिरत विमानात बसला तर?"

"आमच्या गणपतीपुढून कोण नेणार?"

"तुम्ही गेल्यावर? तुमची मुलं वर्कशॉप विकतील तेव्हा?" त्यांनी माझा नग परत फडक्यात गुंडाळला. "शनिवारी दुपारपर्यंत पहिला नग आणा. मी बघितल्याशिवाय सही नाही करणार. आणि खरं सांगू? वरचे लोक हेच म्हणणार की खराब होता म्हणून लपवला."

मला इतका राग आला की कानशिलं तापली. आमच्या घरावर कुणी असा संशय घेतला नव्हता. रस्त्यावर येऊन दादाला फोन लावला.

"देवापुढचं उचलून न्यायचं?" दादा म्हणाला.

"त्यांना बघायचाच आहे. कुरिअर कर आजच."

पलीकडे त्यानं मशीन बंद केलं.

"कुरिअर नको. मी येतो घेऊन."

मुंबईला यायचं म्हटलं की दादा काही तरी कारण काढून टाळतो. लग्नाकार्यालासुद्धा आलेला नाही. तो आपण होऊन येतो म्हणाला, आणि माझा राग कुठल्या कुठं गेला. त्याच्या जागी धाकधूक सुरू झाली.

बोरीवली, शुक्रवार

पूर्ण दिवस वाट बघण्यात काढायचा होता. मनीषाचं घर स्वच्छ, हवेशीर, पण आमच्या माजघराएवढं. मुंबईत घराचं माप चौरस फुटात सांगतात आणि सांगताना आवाज खाली घेतात. मनीषाच्या सासरची माणसं मूळची मालवणकडची. तिच्या सासूबाईंनी मला तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी वाढली. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, खरपूस. ही पांढरीशुभ्र आणि इतकी मऊ की माझ्या हातात दुमडून गेली. मी नुसती चिवडत बसलेली बघून त्या म्हणाल्या, "गो बाय, जेव पयला. विमान खंय पळान जाता काय?"

मनीषाचे यजमान, संतोष दाजी, यांना वाटलं मला विषयाची आवड आहे. त्यांनी जेवता जेवता मंगळाकडे पाठवलेल्या एका यानाची गोष्ट सांगितली. एका गटानं मोजलं मेट्रिकमध्ये, दुसऱ्यानं फूट-पौंडांच्या हिशेबात, आणि यान मंगळापाशी जाऊन नाहीसं झालं. "एवढे मोठमोठे शास्त्रज्ञ, आणि वाट लागली ना!" असं म्हणून त्यांनी आनंदानं सोलकढीची वाटी तोंडाला लावली. मी हातातली भाकरी खाली ठेवली.

"अहो, तिला कशाला घाबरवताय?" मनीषा म्हणाली. "चल गं, बाजारात जाऊन येऊ. इथं बसून टेन्शन घेत राहशील यार."

मासळीबाजारात मी पहिल्यांदाच गेले. आमच्याकडे मटण काट्यावर तोलून घेतात आणि काटा नीट झुकला का ते वाकून बघतात. इथं कितीतरी जणींपुढं काटाच नव्हता. बायांनी बोंबलांचे वाटे लावून ठेवले होते, म्हणजे लहान लहान ढीग. ढीग डोळ्यांनी बघायचा आणि भाव करायचा. मनीषानं नाक मुरडलं तसा कोळणीनं वर आणखी एक बोंबील टाकला. मनीषा हलली नाही. कोळणीनं दुसरा टाकला.

"आता काय पाटी देऊ काय पुरी?" कोळीण म्हणाली आणि दोघी हसल्या.

मी मात्र त्या ढिगाकडे बघत उभी राहिले. न मोजणारी बाईसुद्धा डोळ्यांनी मोजतच होती. कमी काय, जास्त काय, तिला बरोबर कळत होतं. आणि चाळीस वर्षं मशीनवर काढलेला माझा दादा नव्या कामाचा पहिला नग न बघता देवापुढं ठेवील? त्यानं तर मशीन थांबवून दुसऱ्या नगाआधी हत्याराची सेटिंग बदलली होती. मी समोरच होते.

मग ती काडी आठवली. पेटीबाहेर पडलेली, जी मी खाचेत ठेवली होती. ठेवताना सवयीनं खाचेखालचा आकडा वाचला होता. सहा पॉइंट एक्केचाळीस.

भोकाचं वरचं माप सहा पॉइंट चाळीस. एक्केचाळीसची काडी त्या भोकात जायलाच नको. कुणी तरी ती घालून बघितली होती.

"काय गं, बरं नाही वाटत?" मनीषानं माझा दंड धरला. मी वासानं होतंय म्हणून सांगितलं. काडी आत गेली की नाही गेली, हे मला ठाऊक नव्हतं. दादाला फोन करून विचारता आलं असतं. माझं धाडस झालं नाही. आजवर दादा सांगेल ते मी माप समजून चालत आले होते, आणि आता त्याच्याच शब्दावर काडी लावून बघायची वेळ आली होती. त्या दिवशी बोंबील कुरकुरीत तळले होते म्हणे. मला चव आठवत नाही.

पुन्हा अंधेरी, शनिवार

दादा स्टीलच्या डब्यात नग घेऊन आला. पांढरी टोपी, हातात डबा, चेहरा उतरलेला. रिक्षानं आम्ही कंपनीत गेलो. तांडेल मॅडमनी डबा उघडला, कुंकवानं माखलेला नग बघितला आणि आपल्या पोराला न्हाऊ घालावं तशा हलक्या हातानं तो पुसून घेतला. "थंड होऊ दे. तासाभरानं मोजू."

आम्ही खाली टपरीवर बसलो. दादापुढं वडापाव आला. तो त्यानं हातही न लावता तसाच ठेवला. वरून एक विमान घरघरत गेलं तसं त्यानं मान खाली घातली.

"दादा, एक्केचाळीसची काडी आत गेली होती ना?"

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "सहज गेली."

"मग भंगारात का नाही टाकलास?"

"पहिला नग हुता, सुमे. आबांपासनं पहिला नग भंगारात गेला न्हाई. एक शतांश जास्त. केसभर पण न्हाई. म्हटलं देवापुढं ठेवूया, तो पोटात घालंल."

"आणि मी? मी त्या बाईंच्या तोंडावर सांगितलं की आम्ही मोजलाच नाही! त्यांनी लपवल्याचा संशय घेतला तर मला राग आला, दादा. तुझ्यासाठी राग आला!"

माझा आवाज चढला होता. टपरीवाला भजी काढायचा थांबला. मला रडू येत होतं आणि दादाच्या त्या न खाल्लेल्या वडापावाची दयाही येत होती. लहानपणी पट्टीनं रेघ कशी मारायची ते यानंच मला शिकवलं होतं.

दादा उठला. तो सरळ बसस्टँडकडे चालू लागेल असं एक क्षण वाटलं. तो जिना चढून वर गेला, मी मागोमाग. काचेच्या खोलीच्या दारात त्यानं टोपी काढली.

"मॅडम, मोजायच्या आदी सांगतो. तो चुकलाय. मी मोजला हुता. बहिणीला ठाऊक न्हवतं."

तांडेल मॅडमनी त्याच्याकडे नीट बघितलं. "किती, काका?"

"एक शतांश वर."

"बघूया."

यंत्राचा बारीक दांडा भोकात उतरला, चार ठिकाणी टेकला. पॉइंट दोन पाच दोन चार. या वेळी मला मोबाईल काढावा लागला नाही, त्यांनीच मिलिमीटरमध्ये सांगितलं. "सहा पॉइंट चार एक. काडी बरोबर आहे तुमची."

मला वाटलं, संपलं. घरी जाऊन दोघा कारागिरांना काय सांगायचं त्याची वाक्यं मी जुळवायला लागले. मॅडमनी नगावर लाल रंगाची फुली मारली.

"मशीन लावताना पहिला पार्ट चुकतो, काका. सगळ्यांचा चुकतो. तो दाखवायचा, कारण लिहायचं, कापून टाकायचा. एवढंच असतं. आता हा कापायला लागेल, पुन्हा कधी कुठे बसणार नाही असा. आमचा माणूस कापेल."

"मी कापतो," दादा म्हणाला.

मागच्या खोलीत वस्तू घट्ट आवळून धरायचा लोखंडी शेगडा होता. दादानं नग त्यात आवळला, हातात करवत घेतली आणि मग थांबून पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. पुसूनसुद्धा कोरलेल्या आकड्याच्या खाचेत कुंकू उरलं होतं, ते लालचुटुक दिसत होतं. करवत बरोबर भोकावरून चालली. दोन तुकडे झाले. मॅडमनी ते दोन्ही आपल्याकडे ठेवून घेतले आणि दादानं एकही मागितला नाही.

रिपोर्टमध्ये दोन्ही नगांची हकिगत गेली, पहिला चुकला तोही. त्याखाली दादानं सही केली. काम मिळेल का, असं मी विचारलं. "ते वरचे ठरवतील, ताई. माझी सही आहे," एवढंच त्या म्हणाल्या. परतीच्या बसमध्ये दादा माझ्या खांद्यावर मान टाकून झोपला. मी मात्र जागीच होते.

घरी

पुढच्या आठवड्यात फोन आला. पहिल्या खेपेपुरतं काम मिळालं आहे, पुढचं ती खेप बघून. त्यामुळे माझी काळजी काही संपलेली नाही, थोडी पुढं सरकली आहे. कारागीर दोघंही कामावर आहेत.

काल खेपेचा पहिला नग निघाला. नारळ फुटला, हळदकुंकू झालं. त्याआधी दादानं सगळ्यांसमोर गेजची पेटी उघडली, काड्या एकेक घालून बघितल्या आणि मोठ्यानं म्हणाला, "सहा पॉइंट सदतीस. सुमे, तू बघ." मी बघितलं, तेवढंच होतं. मग त्यानं नग गणपतीपुढं ठेवला आणि आम्ही आरती केली. आरती संपल्यावर नेहमीप्रमाणे सगळे हात जोडून मागं सरले. दादा पुढं झाला, देवापुढचा नग त्यानं स्वतः उचलला आणि माझ्या हातात दिला.

"पुसून मुंबईला जायच्या पेटीत घाल," तो म्हणाला. "आणि आकड्याच्या खाचेतलं कुंकू नीट काढ."